झाकण बसत नाही, भोकं जुळत नाहीत: पत्र्याच्या डब्याचं दुखणं कुठे शोधायचं

टेबलावर उघडा असताना अँप्लिफायर सुरेख वाजतो. मग आपण त्याच्यासाठी पत्र्याचा डबा करायला घेतो आणि शेवटच्या दिवशी झाकण बसत नाही. एक बाजू दाबली की दुसरी वर येते. चारपैकी तीन स्क्रू लागतात आणि चौथ्या भोकातून खालचं भोक चंद्रकोरीएवढंच दिसतं. माझ्या स्वतःच्या डब्यांवर हा प्रसंग इतक्यांदा आला आणि मित्रमंडळींचे असे डबे दुरुस्तीला इतके आले, की आता मी आधी पट्टी आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) काढते, कानस नंतर.

कानशीबद्दल मुद्दाम सांगते, कारण पहिला हात सगळ्यांचा तिकडेच जातो. भोक घासून लांबट केलं की स्क्रू लागतो, हे खरं. पण डबा गुण्यात का नाही, हे सांगणारा पुरावा त्या भोकातच होता आणि तो तुम्ही घासून टाकलात. पुढचा डबाही तसाच होणार.

मी इथे नेहमीचाच डबा धरून चालले आहे. तळ, पुढची आणि मागची बाजू मिळून एक ‘यू’, तर वरची बाजू आणि डावी-उजवी बाजू मिळून दुसरा ‘यू’. झाकण वरून बसतं आणि तळाला दुमडलेल्या दहा-बारा मिलिमीटरच्या पट्ट्यांत बाजूने स्क्रू जातात. पत्रा १ ते १.५ मिमीचा, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा. दुसऱ्या घडणीच्या डब्यालाही यातलं बहुतेक लागू पडतं.

आधी लक्षणं नीट बघा

‘बसत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कसं बसत नाही ते बघा.

सगळी भोकं एकाच बाजूला आणि सारख्याच अंतराने सरकली असतील, तर आखणीची सुरुवातच चुकीच्या कडेपासून झालेली असते. पहिलं भोक जुळतं, दुसरं थोडं चुकतं, तिसरं आणखी चुकतं, म्हणजे चूक अंतराबरोबर वाढत जाते, तर मापाचं प्रमाणच बिघडलेलं आहे. बेंडच्या अलीकडची भोकं बरोबर आणि पलीकडची एकदम दीड-दोन मिलिमीटर बाहेर असतील, तर बेंडची वजावट, म्हणजे वाकण्यापोटी सपाट मापातून कमी करायचं अंतर, धरायची राहिली. या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या तर निम्मं काम झालं.

बाकीची लक्षणं अशी:

- डबा टेबलावर ठेवला की एका पायाने डुगडुगतो.
- झाकण कोपऱ्यांत टेकतं, पण मधोमध फट राहते, किंवा मधे टेकतं आणि टोकं उघडी राहतात.
- झाकण बसतं, पण बाजू खाली फाकलेल्या राहतात; स्क्रू आवळला की जवळ येतात आणि सोडला की ‘टक’ करून परत जातात.
- रंग देण्याआधी बसत होतं, आता बसत नाही.
- रिकाम्या डब्यावर बसतं, सर्किट आत गेलं की बसत नाही.
- बेंडच्या बाहेरच्या अंगाला बारीक भेगा दिसतात.

पहिली तपासणी: आतलं सगळं बाहेर काढा

फुकटची आणि पाच मिनिटांची तपासणी असूनही लोक ती शेवटी करतात. सर्किट बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, सगळं काढा आणि रिकाम्या डब्यावर झाकण बसवून बघा. बसलं तर पत्र्याची चूक नाही. आत काहीतरी उंच आहे. उंच कॅपॅसिटर, सोल्डर केलेल्या पायांची लांब टोकं, किंवा बोर्डाखालचे आधार ठरवल्यापेक्षा जास्त उंच.

इथे एक धोका आहे आणि तो मी स्वतः अनुभवलाय. गोल, कड्याच्या आकाराचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर मधोमध एका लांब बोल्टने तळाला आवळलेला होता. झाकण जेमतेम बसत नव्हतं, म्हणून मी ते तळहाताने दाबून स्क्रू लावले. स्विच टाकला आणि डब्यातून जाडजूड घुमणारा आवाज आला. एका क्षणात फ्यूज उडाला. नवा फ्यूज टाकला, तोही गेला. झालं होतं असं की बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकलं होतं. बोल्ट, झाकण, डब्याची बाजू आणि तळ मिळून ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याभोवती धातूचा एक पूर्ण वेढा तयार झाला, म्हणजेच एका फेऱ्याची शॉर्ट झालेली वाइंडिंग. तिच्यातून प्रचंड करंट वाहतो. फ्यूज योग्य नसता तर ट्रान्सफॉर्मरच जळला असता.

म्हणून टोरॉइड असेल तर झाकण कधीही दाबून बसवू नका. बोल्टचं टोक आणि झाकण यांत चांगलं बोटभर अंतर हवं. बोल्ट लांब असेल तर कापा. झाकणाला आतून टेप लावणं हा उपाय नव्हे.

दुसरी: रंग आणि कडेवरचा कंगोरा

पत्रा कापला किंवा भोक पाडलं की कडेला धारदार कंगोरा उरतो. तो दिसत नाही, पण नखाला अडकतो. दोन पत्रे एकमेकांवर सरकणार असतील तिथे एवढा कंगोराही झाकण अडवायला पुरतो. बारीक कानस कडेवर तिरपी धरून एकदोनदा फिरवा. मोठ्या ड्रिलचं टोक हातानेच भोकात फिरवलं तरी भोकाची कड साफ होते. कानस वापरायला मी नाही म्हणत नाही, भोकं लांबवायला म्हणते.

रंगाचा हिशोब मात्र लोक धरतच नाहीत. पावडर कोटिंगचा एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. झाकणाच्या आतल्या दोन बाजू आणि तळाच्या पट्ट्यांच्या बाहेरच्या दोन बाजू, असे चार थर एकमेकांसमोर येतात. म्हणजे पाव ते चार-दशांश मिलिमीटर गेलं. झाकण आधीच घट्ट बसत असेल तर रंगानंतर ते बसणार नाही, ही गोष्ट ठरलेली. मी दोन्ही बाजूंची मिळून अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवते. पावडर कोटिंग करायचं असेल तर पाऊण.

उन्हाने किंवा गरम होऊन पत्रा प्रसरण पावला असेल, असंही बरेच जण म्हणतात. २०० मिमी लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ३० अंशांनी तापला तर जेमतेम ०.१४ मिमी वाढतो, लोखंड त्याच्या निम्मं. तुमचं झाकण दोन मिलिमीटरने चुकत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

तिसरी: छापलेला कागद आणि पट्टी

आजकाल बरेच जण संगणकावर आराखडा काढतात, छापतात, पत्र्यावर चिकटवतात आणि त्यावरूनच सेंटर पंच मारतात, म्हणजे भोकाच्या मध्यावर टोकदार पंचाने खूण ठोकतात. पद्धत उत्तम आहे. पण प्रिंटर बऱ्याचदा आराखडा कागदाच्या समासात बसावा म्हणून गुपचूप लहान करतो. ९७ टक्क्यांवर छापलं गेलं तर २०० मिमीचं अंतर १९४ होतं. कागद बघून हे कळत नाही, कारण सगळंच सारख्या प्रमाणात लहान झालेलं असतं.

उपाय सोपा आहे: प्रत्येक आराखड्यात आडवी आणि उभी अशा १०० मिमीच्या दोन रेघा काढा आणि छापल्यावर मोजा. दोन्ही मोजा, कारण काही प्रिंटर एकाच दिशेने खेचतात. छपाईच्या खिडकीत ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडा. आणि कागद ओल्या गोंदाने चिकटवू नका, भिजला की तो ताणला जातो. मागे चिकटणारा कागद किंवा दुतर्फी टेप बरा.

पट्टीचंही तसंच. पट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं असतं, म्हणून १० पासून मोजा आणि १० वजा करा. वजा करायला विसरलात तर १० मिमीची चूक होते, ती डोळ्यांना लगेच दिसते. अर्ध्या मिलिमीटरची चूक मात्र लपून बसते. आखायला जाड मार्कर वापरत असाल तर त्याची रेघच १ मिमीची आहे, मग भोक रेघेच्या अलीकडे की पलीकडे? कापायची कड टोकदार आखणीने खरवडा. बेंडची रेघ मात्र खोल खरवडू नका, विशेषतः बाहेरच्या अंगाला. पत्रा वाकवताना भेग नेमकी त्या चरातूनच सुरू होते. तिथे बारीक टोकाचं पेन पुरे.

चौथी: गुण्यात आहे का?

डबा सपाट काचेवर किंवा चांगल्या टाइलवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने आळीपाळीने दाबा. डुगडुगला तर डब्याला पीळ आहे. पीळ बहुतेक वेळा बेंडच्या दोन रेघा समांतर नसल्याने येतो. तळाची रुंदी एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला मोजा. २०० मिमीच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला तरी पीळ जाणवतो. थोडा पीळ असेल तर डबा समोरासमोरच्या कोपऱ्यांत धरून हाताने उलटा पिळता येतो, खरंच येतो. पण हळू, आणि प्रत्येक वेळी काचेवर ठेवून बघत.

पीळ नसेल तर कर्ण मोजा. १५० बाय २०० च्या आयताचा कर्ण बरोबर २५० असतो, त्यामुळे या मापाचा डबा तपासायला फार सोयीचा. दोन्ही कर्ण सारखे हवेत. २५०.८ आणि २४९.२ आले, म्हणजे १.६ चा फरक, तर १५० च्या उंचीत कड १ मिमी सरकली आहे. पत्रा कापून आणलेला असला तरी त्याच्या कडा काटकोनात असतीलच असं धरू नका. एक कड निवडा, तिला खूण करा आणि सगळी मापं, अगदी सगळी, त्याच कडेपासून घ्या. निम्मी डावीकडून आणि निम्मी उजवीकडून घेतली की पत्रा कापण्यातली चूक सगळी मधे येऊन साचते.

पाचवी: बेंड खरंच ९० अंशांत आहे का?

पत्रा वाकवून सोडला की तो थोडा मागे येतो. साधा लोखंडी पत्रा आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम साधारण एक-दोन अंश परत फिरतात, स्टेनलेस आणि कडक अ‍ॅल्युमिनियम त्याहून जास्त. दोन अंश म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण ५० मिमी उंच बाजू दोन अंश फाकली तर तिचं टोक १.७५ मिमी बाहेर जातं. दोन्ही बाजू फाकल्या तर साडेतीन मिलिमीटर. ‘टक’ करून परत जाणाऱ्या झाकणाचं कारण हेच.

गुण्या आतल्या कोपऱ्यात लावू नका, तिथे गोलाई असते आणि गुण्या तिच्यावर चढून बसतो. बाहेरून लावा आणि मागे दिवा धरा. फट वरच्या टोकाला दिसते की कोपऱ्यापाशी, यावरून बेंड कमी झाला की जास्त, ते कळतं.

कमी झाला असेल तर परत शिकंज्यात धरून थोडा जास्त वाकवा. ९२ पर्यंत नेऊन सोडला की तो ९० वर येऊन थांबतो. एका पत्र्यावर एकदा जमलं की पुढच्यावर तेवढंच न्यायचं. मात्र अ‍ॅल्युमिनियमचा एकच बेंड पुढे-मागे, पुढे-मागे करत बसू नका. दोनतीनदा झाल्यावर तो कडक होतो आणि मग तुटतो.

मधोमध फट राहत असेल तर दोष वाकवण्याच्या साधनात आहे. दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा धरून, दोन्ही टोकांना सी-क्लॅम्प लावून मोगरीने वाकवतो, तेव्हा अँगल मधे किंचित फाकतो. टोकांचा बेंड पूर्ण होतो, मधला अपुरा राहतो आणि बाजूला पोट येतं. शिकंज्यात फक्त मधे धरलं तर उलट होतं. अँगल जाड घ्या, मधेही एक क्लॅम्प लावा. मोगरी थेट पत्र्यावर मारण्याऐवजी बाजूएवढा लांब, सरळ लाकडी ठोकळा पत्र्याला लावून त्यावर मारा आणि एका टोकाला पूर्ण न वाकवता सगळ्या लांबीवर थोडं थोडं पुढे जा. घाई केली की प्रत्येक मोगरीचा घाव पुढे रंगातून दिसतो, तो वेगळाच.

सहावी: बेंडची वजावट

खरं दुखणं हे. माझ्याकडे येणाऱ्या डब्यांत सगळ्यात जास्त चूक हीच असते आणि ती पत्रा वाकवण्याआधीच झालेली असते.

बाहेरून ५० उंच, १५० रुंद, ५० उंच असा तळ हवाय. आपण बेरीज करतो, २५०, आणि तेवढा पत्रा कापतो. पण वाकताना पत्र्याचं बाहेरचं अंग ताणलं जातं, आतलं दबतं आणि मधला एक थर लांबीला आहे तेवढाच राहतो. हा थर पत्र्याच्या बरोबर मधे नसतो, आतल्या बाजूकडे सरकलेला असतो. १ मिमी जाडी आणि आत १ मिमीची गोलाई असेल, तर या थराचा पाव वर्तुळाचा कमान-भाग साधारण २.२३ मिमी येतो. बाहेरच्या मापांत त्या कोपऱ्यासाठी तुम्ही मात्र २ अधिक २, म्हणजे ४ मिमी मोजलेत. फरक १.७७. दर बेंडला एवढं वजा करायचं. दोन बेंड आहेत, म्हणजे सपाट पत्रा २४६.५ हवा.

२५० चाच कापून ५० आणि २०० वर बेंड घेतले तर तळ १५० च्या जागी जवळजवळ १५१.८ होतो आणि बाजू प्रत्येकी ०.९ ने उंच. झाकणही त्याच गणिताने केलेलं असेल तर तेही मोठं होतं, त्यामुळे कधीकधी दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पहिला डबा चक्क बसतो. मग दुसऱ्या डब्याला पत्रा १.५ चा येतो, १.५ ची गोलाई असेल तर वजावट २.६५ च्या आसपास जाते आणि सगळं फिसकटतं. ‘मागच्या वेळी तर बसलं होतं’ हे वाक्य मी या कारणासाठी फार ऐकलंय.

हे गणित मी प्रत्यक्षात करत नाही. गोलाई अँगलच्या कडेवर अवलंबून असते आणि ती नेमकी मोजणं कटकटीचं. त्याऐवजी त्याच पत्र्याची २० मिमी रुंद आणि बरोबर १०० मिमी लांब पट्टी कापा. त्याच साधनात मधोमध ९० अंशांत वाकवा. दोन्ही हात बाहेरून कॅलिपरने मोजा. ५०.९ आणि ५०.९ आले, बेरीज १०१.८, तर तुमची वजावट १.८. पट्टीवर कायमच्या शाईने पत्र्याचा प्रकार, जाडी आणि वजावट लिहून ठेवा. अशा आठ-दहा पट्ट्या माझ्या ड्रॉवरमध्ये तारेत ओवलेल्या आहेत. नवा डबा सुरू करताना मी आधी तो जुडगा शोधते. बेंडची रेघही मापाच्या जागी आखू नका, प्रत्येक बाजूला अर्धी वजावट आत घ्या: ५० च्या बाजूसाठी कडेपासून ४९.१ वर.

पत्र्याची जाडी गेजवरून धरू नका

छोटी गोष्ट, पण वरचं सगळं हिच्यावर उभं आहे. ‘१६ गेज’ ही एक जाडी नाही. ब्रिटिश तारेच्या गेजमध्ये ती १.६३ मिमी, अमेरिकेतल्या लोखंडी पत्र्यासाठी सुमारे १.५२ आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी १.२९. पत्रा हातात आला की कडेचा कंगोरा टाळून कॅलिपरने मोजा आणि मिलिमीटरमध्येच बोला.

सातवी: भोकं

डबा गुण्यात आहे, मापं बरोबर आहेत, तरी भोकं चुकतात, तर ड्रिल सरकतंय. सेंटर पंच मारा, आधी २ मिमीचं भोक पाडा, मग मोठं करा. पातळ पत्र्यात साधं ड्रिल मोठं भोक गोल पाडतच नाही, तिकोनी पाडतं, आणि बाहेर पडताना पत्र्यात अडकून सगळा पत्रा गरगर फिरवतं. पत्रा लाकडावर ठेवून क्लॅम्प करा, हाताने धरू नका. ड्रिल चालू असताना हातमोजेही नकोत, ते गुंडाळले जातात. पत्रा उचलताना मात्र घाला. ६ मिमीच्या वरच्या भोकांना पायऱ्यांचं ड्रिल वापरा, फरक पहिल्याच भोकात कळेल.

भोक बेंडच्या फार जवळ असेल तर वाकवताना ते अंड्यासारखं लांबतं. भोकाची कड आणि बेंड यांत जाडीच्या अडीचपट अधिक आतली गोलाई एवढं अंतर ठेवा. १ मिमी पत्र्याला साडेतीन मिलिमीटर. जागाच नसेल तर ते भोक वाकवल्यानंतर पाडा.

झाकणाच्या स्क्रूंची भोकं तर मी आधी पाडतच नाही. तळ पूर्ण होतो, मग तळ मोजून झाकण करते, बसवते, क्लॅम्प करते आणि दोन्ही पत्र्यांतून एकदमच २.५ मिमीचं ड्रिल घालते. एका कोपऱ्यात स्क्रू लावून मग तिरक्या समोरचा. नंतर तळात एम३ चा, म्हणजे ३ मिमी स्क्रूचा, टॅप मारते (टॅपने भोकात आटे पडतात) आणि झाकणातलं भोक ३.४ करते. भोकं जुळवायचा प्रश्नच उरत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की एम३ चे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतात. १ मिमीच्या पत्र्यात दोनच आटे मिळतात आणि चारपाच वेळा उघडबंद केलं की ते जातात. झाकण वारंवार उघडायचं असेल तर रिवेट नट, म्हणजे पत्र्यात रिवेटसारखे पक्के बसणारे नट, लावा.

आठवी: भेगा

बेंडच्या बाहेर भेगा पडल्या तर पत्र्याचा प्रकार बघा. ५०५२ किंवा ३००३ (हे मिश्रधातूचे नंबर) अ‍ॅल्युमिनियम छान वाकतं. ६०६१-टी६ मजबूत म्हणून लोक कौतुकाने आणतात आणि ते घट्ट बेंडला फाटतं. त्याला जाडीच्या तिपटीच्या आसपास किंवा त्याहून मोठी गोलाई लागते. सपाट पुढच्या पॅनेलला ते उत्तम, वाकवायला नको. पत्र्यावर लाटण्याच्या बारीक रेघा दिसतात, बेंडची रेघ त्यांना आडवी पडेल असं आखलं तरी फरक पडतो. भेग पडलेला भाग वापरू नका. भरून, घासून, रंगवून ती दिसेनाशी होते, पण जात नाही.

कुठे थांबायचं

डब्यात मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटची, वीज येणार असेल तर धातूचा प्रत्येक भाग अर्थला जोडलेला हवा, झाकणसुद्धा. रंग आणि अ‍ॅनोडायझिंग दोन्ही वीज अडवतात, म्हणून अर्थच्या बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा आणि दातेरी वॉशर लावा. त्या बोल्टने दुसरं काहीही आवळू नका. प्लगच्या अर्थ पिनपासून झाकणापर्यंतचा रोध ०.१ ओहमच्या आसपास किंवा कमी हवा; साध्या मल्टिमीटरवर इतकं कमी माप विश्वासाने दिसत नाही. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, फ्यूज पुन्हा पुन्हा गेला, किंवा अर्थ नीट आहे का याची खात्री वाटली नाही, तर प्लग काढा आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. इथे ‘अजून एकदा बघू’ नाही.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घरी वेल्ड करू नका किंवा टॉर्चने तापवू नका. जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि बंद खोलीत तो प्रकार गंभीर होतो.

आणि पत्रा लोखंडाचा २ मिमी किंवा जास्त असेल, बेंड ३०० मिमीहून लांब असेल, स्टेनलेस असेल, किंवा एकसारखे पाच-सहा डबे हवे असतील, तर प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं यंत्र) असलेल्या फॅब्रिकेटरकडे जा. दोन प्रयत्न वाया गेल्यावर तिसरा पत्रा कापण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्याला सपाट पत्र्याचं माप देऊ नका. तुमची वजावट तुमच्या अँगलची आहे, त्याच्या यंत्रातल्या साच्याची (डायची) गोलाई वेगळी असते. बाहेरची तयार मापं, मोजलेली जाडी, भोकांची अंतरं बेंडच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून, रंग कुठे नको त्या जागा, आणि कुठलं माप बाहेरचं नि कुठलं आतलं हे प्रत्येक मापाशेजारी लिहून द्या. झाकण आणि तळ एकाच वेळी, एकाच पत्र्यातून करायला सांगा, आणि रंगाला देण्याआधी एकदा स्वतः जाऊन ते बसवून बघा. जाताना ट्रान्सफॉर्मर बरोबर न्या.